होस्टेलमध्ये फ्लूची साथ, १७ मुलं तापाने पडलीत, सगळ्यांना घरी पाठवू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि जूनपासून मुलांच्या होस्टेलचा रेक्टर पण झालोय (झालोय म्हणजे केलं गेलंय, आधीच्या सरांनी सोडलं आणि स्टाफमध्ये बिनलग्नाचा मीच सापडलो). १४० मुलं, एका खोलीत तिघं. गेल्या सोमवारी दुसऱ्या मजल्यावरचा एकजण तापला, बुधवारी त्याचे दोन्ही रूममेट, आणि आज रविवार, माझ्या वहीत १७ नावं आहेत. ताप, अंग मोडून येतंय, घसा, कोरडा खोकला. त्यातल्या एकाची टेस्ट केली, इन्फ्लुएन्झा ए निघाला, डेंग्यू निगेटिव्ह.

कुठून पसरलं ते कळलंय. ऑगस्ट म्हणजे पुरुषोत्तम करंडकाची (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) गडबड, तालमी चालतात तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, वर पाऊस आणि शेजारची सोसायटी आवाजाची तक्रार करते म्हणून खिडक्या बंद, आत २२ पोरं रात्री १ पर्यंत बेंबीच्या देठापासून ओरडतायत आणि पाण्याची बाटली एकच. पहिला तापलेला मुलगा दोन दिवस तसाच तालमीला उभा होता. त्यातलेच चारजण ढोल पथकात आहेत, म्हणजे ते आणखी कुठे कुठे देऊन आले असतील देव जाणे.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. ७५ टक्के हजेरी लागते आणि आजारपणाची सुट्टी हवी तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा असा नियम. गुरुवारी प्रॅक्टिकलला एकजण ऑगस्टमध्ये स्वेटर घालून बसलेला, सकाळी क्रोसिन घेऊन आला होता, १२ वाजता गोळीचा असर उतरला आणि हातातली टेस्ट ट्यूब थरथरायला लागली. विचारलं तर म्हणे सर सर्टिफिकेटसाठी दवाखान्यात दोन तास बसण्यापेक्षा इथे बसलेलं बरं. काय बोलणार.

आता पालकांचे फोन चालू झालेत, मॅनेजमेंट म्हणतंय होस्टेल आठवडाभर बंद करा. २००९ ला मी इथेच एफवायला होतो, स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शाळा कॉलेजं आठवडाभर बंद होती, ती भीती अजून लक्षात आहे. तर पाठवू का घरी? सगळ्यांना टॅमिफ्लू (फ्लूच्या विषाणूवरची गोळी) द्यायची का? लस आता घेऊन उपयोग आहे का?

वैद्यबाई कोथरूडकर: सर, जनरल प्रॅक्टिस करते म्हणून सांगते. साथ फ्लूची आहे हे एकदा कळलं की प्रत्येकाची टेस्ट करत बसू नका. टॅमिफ्लू सरसकट नाही, पण दमा, शुगर, हृदयाचा त्रास असलेला कोणी असेल तर त्याला ताप आल्या आल्या डॉक्टरकडे न्या, पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोग. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, मुलं मेडिकलमधून आपली आपण आणून खातात तेवढं बघा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नको, कारण एकाचा डेंग्यू निगेटिव्ह म्हणजे १७ जणांचा नाही आणि सध्या डासांचाही सीझन आहे. धाप लागणं, छातीत दुखणं, ग्लानी, बेडक्यात रक्त, नखं निळी दिसणं यातलं काहीही दिसलं की रात्री २ वाजता सुद्धा हॉस्पिटल. आणि ताप उतरून दोन दिवसांनी परत चढला तर तो हलक्यात घेऊ नका, न्यूमोनिया असू शकतो. लस जरूर घ्या पण अंगी लागायला साधारण २ आठवडे जातात आणि दरवर्षी घ्यावी लागते.

निवृत्त रेक्टरबाई: गेस्ट रूम रिकाम्या करा, आजारी पोरं तिकडे. दोन कॉटमध्ये किमान ३ फूट, आणि एकाचं डोकं जिकडे शेजारच्याचे पाय तिकडे. खिडक्या उघड्या, पाऊस आत आला तर येऊ दे. डबा खोलीवर, नेणारा एकच माणूस, मास्क लावून. गोळी न घेता २४ तास ताप नाही तेव्हाच बाहेर सोडायचं. मेसच्या काकांना आणि पोळ्यावाल्या मावशींनाही विचारा हो, त्यांचा दिवस बुडाला की पैसे बुडतात, त्यामुळे त्या ताप अंगावर काढून पोळ्या लाटत राहतात. पगारी सुट्टी द्या.

सांगलीचा बाप: घरी पाठवू नका दादा. आमच्या पोराला दोन वर्षांपूर्वी असंच पाठवलं, स्वारगेटवरून एसटीत सहा तास खोकत आला. तो चार दिवसांत उठून बसला, माझी आई ९ दिवस ॲडमिट होती. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच हे पसरतं म्हणतात, म्हणजे ठणठणीत दिसणारी पोरं पण घेऊन येणार.

शनिपार: २००९ ला आमच्या पेठेत सगळे कापूर वेलचीची पुरचुंडी हुंगत फिरायचे. फ्लू काय गेला नाही, वेलची मात्र महागली 😄

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, सांगलीच्या दादांचा प्रतिसाद सरळ प्रिन्सिपॉल सरांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले आमच्याही घरी आई आहे. होस्टेल चालू राहणार. सर्टिफिकेट महिनाभर बंद, रेक्टरच्या वहीत नाव असलं की हजेरी धरणार. तालीम पार्किंगच्या शेडमध्ये हलवली, दिग्दर्शक माझ्याशी बोलत नाहीये. आज बुधवार, कालपासून नवीन दोनच. एक दम्याचा मुलगा काल रात्री ॲडमिट करावा लागला, ऑक्सिजन लावलाय पण सकाळी इडली मागत होता.

मावशींच्या पगारी सुट्टीवर अजून घोडं अडलंय, ठेकेदार म्हणतो माझा संबंध नाही. कोणी ठेकेदाराच्या करारात हे घालून घेतलंय का, म्हणजे नेमकं काय लिहिलं होतं?