शौचावर ताबा नाही, डायपर कोणता घ्यावा? अनुभव सांगा

देवगड :
अर्धांगामुळे बाबा वर्षभर अंथरुणावर आहेत. पहिला डायपर मी एक्सेल (XL) मापाचा आणला, सैल बरा म्हणून. सकाळी सगळं मांडीतून बाहेर, गादीपर्यंत. आतली जेल लघवी शोषते, शौच नाही. ते थोपवतात मांडीजवळच्या उभ्या झालरी, त्याही अंगाला टेकल्या तरच. मग शिंप्यासारखी टेप घेऊन कंबर आणि कुल्ले मापले, मोठं माप पाकिटावरच्या तक्त्याशी ताडलं. एल निघाला! लावल्यावर दुमडलेल्या झालरी बोटाने बाहेर काढायच्या, हे तर तिसऱ्या पाकिटाला कळलं. बाबा अजून म्हणतात, "माका काय पोर समाजलंस?" तुम्ही काय वापरता? लाजू नका.

रत्नागिरी :
सासूबाईंना पँटवाला, म्हणजे चड्डीसारखा चढवायचा, आणला होता. झोपलेल्या माणसाच्या पायातून तो चढवताना माझीच कंबर गेली. टेपवाला, म्हणजे बाजूंना चिकटपट्ट्या असलेला, कुशीवर वळवून बदलता येतो. पँटवाला भरलाच तर खाली ओढू नका, बाजूच्या शिवणी फाडा.

गुहागर :
मी स्वतः वापरतो, वय ५२. भगंदराच्या ऑपरेशननंतर ताबा कमी झाला. चालत्याफिरत्याला पँटवालाच बरा. डागापुरतं असेल तर पॅडही पुरतं. एसटीत पिशवीत एक जादा, वाइप्स आणि जुना पेपर. चौथीला भजनात दोन तास मांडी घालून बसलो, झांजा वाजवल्या.

मालवण :
आईला दिवसात सात-आठदा पातळ व्हायचं. आम्ही जुलाब समजून पेजेवर ठेवलं आणि डायपरचे ब्रँड बदलत बसलो. डॉक्टरांनी तपासलं तर आत कडक खडा अडकलेला, पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत होता. तो काढल्यावर दिवसाला दोन डायपर पुरू लागले.

वेंगुर्ला :
पावसात कापडी लंगोट वाळत नाहीत, म्हणून आम्ही डायपरवर आलो. पण शौच झालं की लगेच बदलायचा, "अजून कोरडा आहे" हा हिशोब लघवीचा. कोमट पाण्याने धुवून, न घासता टिपून, झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. पावडरीचे घामात गोळे होतात. मळ संडासात, डायपर कागदात गुंडाळून. वाडीत घंटागाडी येत नाही, आठवड्याने तालुक्याला नेतो. शेजारच्यांनी पऱ्यात (ओढ्यात) फेकलेले रस्त्याखालच्या मोरीत तुंबले होते, ते काढायला आम्हीच उतरलो.

देवगड :
मालवणकरांचं वाचून डॉक्टरांना फोन केला. बाबांनाही चार दिवस असंच झिरपतंय. उद्या सकाळी येतायत.