हवाई दलाचं नवं मालवाहू विमान: जास्त टन उचलणारं हवं की कुठेही उतरणारं?

उंबरठा
हवाई दलाला १८ ते ३० टन वजन नेणारं विमान हवंय. शर्यतीत तिघं आहेत: अमेरिकेचं सी-१३०जे, ब्राझीलचं सी-३९० आणि युरोपचं ए४००एम. माझं मत, सी-१३०जे घ्या आणि विषय संपवा. २०१३ साली ते लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला उतरलं, १६,६१४ फुटांवर, कच्च्या धावपट्टीवर. माहितीपत्रकातले टन खालच्या दाट हवेतले असतात. लेहला ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते, वजन उतरवावं लागतं. म्हणून तर तिथली उड्डाणं सकाळी उरकतात.

कडक_चहा
साफ असहमत. दौलत बेगला २००८ मध्ये आपलं जुनं मालवाहू एएन-३२ पण उतरलं होतं, मग तेच चालवत बसू या का? आत काय मावतं ते बोला. आपला हलका झोरावर रणगाडा २५ टनांचा. तुमचं सी-१३०जे २० टनांवर हात टेकतं. सी-३९० २६ नेतं, ए४००एम ३७. १९६२ च्या युद्धात लडाखमधल्या चुशूलला एएन-१२ विमानांतून एएमएक्स-१३ रणगाडे नेले तेव्हा वजनाचंच गणित होतं ना?

उंबरठा
रणगाड्यासाठी हवाई दलाचं मोठं सी-१७ आहे की. २०२० मध्ये टी-९० रणगाडे लडाखला त्यानेच पोचवले.

कडक_चहा
११ सी-१७, आणि त्याचं उत्पादन २०१५ लाच थांबलं. बारावं कुठून आणणार?

उंबरठा
मान्य. पण रणगाडा काय रोज जातो? रोज जातं रॉकेल, शिधा आणि सुट्टीवरून परतणारे जवान. आणि अडीअडचणीला काय लागतं ते एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या लढाईत अडकलेल्या भारतीयांना आणताना दिसलं. वादी सय्यदनाच्या पट्टीवर ना दिवे ना इंधन. वैमानिकांनी नाइट व्हिजन गॉगल लावून रात्री सी-१३०जे उतरवलं, इंजिनं चालूच ठेवली, हवाई दलाच्या गरुड कमांडोंनी १२१ जणांना आत घेतलं की लगेच उड्डाण. सी-३९० ची जेट इंजिनं अशा पट्टीवर खडे गिळतील.

कडक_चहा
सी-१७ काय पंख्यावर उडतं? तेही जेटच, आणि कच्च्या पट्टीवर उतरतं. हा मुद्दा बाद.

पाना_पक्कड
दोघंही उतरण्यावर भांडताय, मला जमिनीवर अडकून पडलेली विमानं दिसतात. एएन-३२ च्या आधुनिकीकरणाचं काम युक्रेनकडे होतं. २०१४ ला क्रिमिया पेटला आणि सुट्या भागांचा खोळंबा झाला. सी-३९० ला व्ही२५०० इंजिन आहे, जुन्या ए३२० ला असायचं तेच. ते खोलून बसवणारे हात इथे आहेत.

उंबरठा
आणि सी-१३०जे चे हात हिंडन आणि पानागढच्या तळांवर आहेत, सगळ्या अवजारांसकट. नव्या जातीचं विमान घेऊन आणखी एक गोदाम कशाला उघडायचं?

पाना_पक्कड
गोदाम कुठेही उघडा, भाग इथे बनले पाहिजेत. सी-१३०जे वाली लॉकहीड टाटांबरोबर आहे, सी-३९० वाली एम्ब्रेअर महिंद्रांबरोबर. हवाई दलाच्या ५६ सी-२९५ मालवाहू विमानांपैकी ४० वडोदऱ्यात बांधायचं ठरलं, तसा करार जो लिहून देईल त्याला माझं मत. टन मग मोजू.

कडक_चहा
मग? झोरावर अर्धा कापून नेणार का?