बायपासमध्ये माणूस खरंच झोपलाय हे डॉक्टरला कळतं कसं?

केजचा_पोरगा:
नमस्कार. मायची (वय 61) बायपास संभाजीनगरला ठरलीय, पुढच्या मंगळवारी. पण ती सहीच करंना. कारण जुनं आहे. 1989 ला धाकट्या बहिणीच्या वेळी सिझर झालं, पूर्ण भूल देऊन. माय म्हणते, मला सगळं ऐकू येत होतं. एक नर्स दुसरीला सांगत होती की औंदा कापसाला भाव नाही. मायनं करंगळी हलवून पाहिली, हलंना. घरचे म्हणले, गुंगीत सपान पडलं असंल. आता म्हणती, "छाती उभी चिरणार अन् मी जागीच राहिले तर?" पुण्याचा मावसभाऊ म्हणतोय, कपाळाला पट्टी लावून मेंदू बघायची मशीन असती, ती मागून घे. मागावी का? डॉक्टरला राग येईल का?

लातूरचा_भूलवाला:
राग आला तर येऊ द्या, विचारा. पण मशीनच्या आधी ती करंगळीची गोष्ट सांगा, आणि ती थेट भूलतज्ज्ञाला. बावीस वर्षं भूल देतोय. 'आधी कधी भूल घेतली का' विचारलं की लोक 'हो, सिझरला' म्हणतात आणि पुढं गप्प. तुमच्या मायला बहुतेक सपान पडलं नव्हतं. सिझरला पूर्ण भूल देताना बाळासाठी झोपेचं औषध हात राखून देतात, स्नायू ढिले करायचं मात्र पुरेपूर. म्हणून कान जागा आणि करंगळी मेलेली. एकदा असं झालेल्याला पुन्हा व्हायचा धोका जास्त असतो. हृदयाचं ऑपरेशनही त्याच यादीत, कारण बीपी पडला की आम्हाला भुलीचा गॅस कमी करावा लागतो.

मशीन म्हणजे बीआयएस. कपाळावरून मेंदूच्या लहरी घेऊन 0 ते 100 मधला आकडा दाखवते. जागा माणूस शंभराच्या जवळ, भुलीत 40 ते 60.

पंपावरचा:
सरांचं एक राहिलं. एरवी बाहेर पडणाऱ्या श्वासातला गॅस मोजून भुलीचा अंदाज येतो. हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुप्फुसाचं काम तेवढा वेळ करणारं मशीन, आम्ही त्याला पंप म्हणतो, ते मी चालवतो) घेतलं की फुप्फुसं थांबवतात, श्वासच नाही, तो आकडा गेला. तेव्हा गॅस माझ्या मशीनच्या ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या भागातून जातो. नळ्यांत भरलेलं सलाइन रक्तात मिसळून औषध पातळ होतं ते वेगळंच. पण जपायची खरी वेळ म्हणजे थंड केलेलं अंग परत 36-37 ला आणतो ती. थंडीनं सुस्तावलेला मेंदू उबेनं जागा व्हायला बघतो. मी "वॉर्मिंग" म्हणलो की आमच्या भुलीच्या मॅडम आधी शिरेतून औषध सोडणारा सिरिंज पंप बघतात, मग आकडा. तुमच्याकडं पंपावर करणारेत का तेही विचारा. आपल्याकडं पुष्कळ बायपास धडधडत्या हृदयावरच होतात.

गोदाकाठ:
मावसभाऊ बरोबर आहे. पट्टीशिवाय सही करू नका. आमच्या आण्णांचा आकडा 45 होता, काही म्हणजे काही कळलं नाही त्यांना.

लातूरचा_भूलवाला:
भाऊ, 45 बघून मलाही बरं वाटतं. पण अंग थंड झालं की आकडा आपोआप उतरतो, कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं हत्यार) लावली की वेडावाकडा नाचतो, केटामाइन नावाचं भुलीचं औषध दिलं तर माणूस गाढ असूनही चढतो. 2004 च्या एका मोठ्या अभ्यासात, धोक्यातल्या सुमारे 2,500 रुग्णांत, बीआयएसमुळं जागं राहण्याचे प्रकार बरेच घटले. 2008 आणि 2011 च्या अभ्यासांत मात्र श्वासातल्या गॅसवर अलार्म लावून ठेवला तरी काम तेवढंच झालं. पंपावर तो गॅसचा आकडाच नसतो, म्हणून तिथं मी पट्टी लावतोच. ती एकदा वापरून फेकायची, महाग पडते, सगळीकडं नसते. नसली म्हणून हृदयाचं ऑपरेशन अडवून धरू नका.

केजचा_पोरगा:
आज तपासणीला गेलो. भुलीच्या मॅडमनं मायलाच विचारलं, नर्स काय बोलत होती म्हणून. मायनं कापसाचं सांगितलं. मॅडमनं फाइलवर लाल पेननं लिहून घेतलं. पट्टी आहे म्हणल्या, पंप लागला तर तयार ठेवणारेत. माय म्हणली, "मंगळवारी माझ्या उशाशी कापसाचं बोलू नका मंजी झालं." सही केली.