फौजीची पत्नी आणि फौजीची आई असलेल्या आजीचे आयुष्य कसे लिहावे?

साखर_पेठ_नातू:
नमस्कार. सोलापूरच्या साखर पेठेत राहणाऱ्या आमच्या आजीचे गेल्या श्रावणात, वयाच्या ९३ व्या वर्षी, निधन झाले. वर्षश्राद्धाला आप्तेष्टांना देण्यासाठी एक लहान स्मरणिका काढण्याचे ठरले आहे. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि १९६५ च्या युद्धात आघाडीवर होते. पुढे धाकटे काकाही फौजेत गेले व १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. लिहायला बसले की पाने या दोघांच्याच बदल्या आणि पदकांनी भरतात, आणि आजी मात्र ‘तिने घर सांभाळले’ एवढ्या वाक्यात आटोपते. हाताशी आहे ती एक काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगाने आजोबांचा फौजेतला नंबर घातलेली. तीत आजोबांची आंतर्देशीय पत्रे, मनिऑर्डरच्या खालच्या चिठ्ठ्या आणि पेन्शनचे कागद आहेत. आजीने लिहिलेले एकही पत्र नाही. यातून तिचे आयुष्य कसे उभे करावे?

माजी_सुभेदार:
प्रथम आजोबांचे डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक) आणि पत्रांवरील तारखा समोर ठेवून कोणती वर्षे फॅमिली स्टेशनची, म्हणजे कुटुंब बरोबर नेता येते अशा ठाण्याची, आणि कोणती फील्डची, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा सीमाभागातली, हे वेगळे काढावे. फील्डची वर्षे म्हणजे आजींची सोलापुरातील एकटीची वर्षे. पत्त्याच्या जागी बहुधा ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) एवढेच असेल. पत्त्यात ठिकाणाचे नाव नसे, त्यामुळे आपला माणूस नेमका कोठे आहे हे घरच्यांना पत्त्यावरून कळत नसे. आजींची पत्रे सापडत नाहीत याचेही नवल नाही, कारण फील्डमध्ये सामान मोजके असते आणि आलेली पत्रे जपून ठेवणे क्वचितच जमते. मात्र आजोबांची पत्रे उत्तरे म्हणून वाचावीत. प्रत्येक ‘तू लिहितेस की’ आणि ‘तू विचारलेस म्हणून’ याच्या मागे आजींचे एक वाक्य दडलेले आहे. ती वाक्ये वहीत वेगळी उतरवून काढली, की त्यांचे बोलणे बऱ्यापैकी हाती लागेल.

एक_सून:
सुभेदारसाहेबांशी सहमत आहे. त्यात मनिऑर्डरीची भर घालते. फॅमिली अलॉटमेंटची, म्हणजे जवानाच्या पगारातून घरी येणाऱ्या ठरावीक रकमेची, मनिऑर्डर लांबली की किराणा उधारीवर चाले, आणि आमच्या सासूबाईंसारख्या कित्येक जणी मागावाल्यांकडून सूत आणून घरी कांड्या (विणकामाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरून देत. हे कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही, तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना आजच विचारावे, कारण त्याही आता थोड्याच उरल्या आहेत. एक विनंती मात्र आग्रहाने करते: ‘हसतमुखाने सर्व सोसले’ असे कृपया छापू नये. नवऱ्याला निरोप देणे आणि मुलाला भरतीला पाठवणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. नवरा लग्नाआधीपासूनच फौजेत असतो, मुलाच्या वेळी मात्र आईला नाही म्हणण्याची मुभा असते, निदान कागदोपत्री. माझे दीर भरती झाले त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत आणि सासऱ्यांशी पुढे बरेच दिवस बोलल्याही नाहीत. आम्ही ते छापले. काही नातेवाइकांना ते रुचले नाही, पण ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांना त्यात त्या ओळखू आल्या.

होटगी_रोड:
पेन्शनचे कागदही बारकाईने पाहावेत. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे आजींच्या वार्धक्याचा माग त्यांत सापडेल. माझ्या आईच्या जुन्या कागदांवर अंगठा आहे आणि नंतरच्या कागदांवर सही. मधल्या काळात ती नातवंडांच्या पाटीवर अक्षरे गिरवीत असे.

साखर_पेठ_नातू:
सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पत्रे पुन्हा वाचली. युद्धबंदीनंतर, ऑक्टोबर १९६५ मध्ये, आजोबा लिहितात, ‘छपरावरचे पत्रे बदललेस ते बरे केलेस, पण पैसे कोठून आणलेस ते या खेपेसही लिहिले नाहीस.’ आत्याला विचारले असता ती म्हणाली की त्या पावसाळ्यात आजीने शेजारच्या मागांसाठी रात्री जागून कांड्या भरल्या, आणि आजोबांना हे अखेरपर्यंत कळू दिले नाही. स्मरणिकेची सुरुवात आता याच पत्राने करीत आहे. त्या काळी कांड्या भरण्याची मजुरी कशी मोजली जाई, हे साखर पेठेतील कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.