जपानला जाताना येन रोख न्यावेत की फॉरेक्स कार्ड?

प्रश्न: आईबाबांसोबत टोकियो-क्योटो. सगळे पैसे फॉरेक्स कार्डात (परकीय चलन आधीच भरून ठेवायचं प्रीपेड कार्ड) भरू का?

— सगळे नको. हॉटेल, मॉलला कार्ड चालतं. देवळं, रामेनच्या टपऱ्या आणि स्टेशनवरच्या बहुतेक मशीनवर सुइका (रेल्वे-बसचं प्रीपेड कार्ड) भरायला रोखच लागते. इथून थोडेच येन घ्या, बाकी सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून काढा.

— कार्डात येनच भरून घ्या. डॉलर भरलेत तर प्रत्येक खरेदीला क्रॉस-करन्सी शुल्क (एक चलन दुसऱ्यात बदलण्याचं) कापतात. क्रेडिट कार्ड वापरताना मशीनने 'रुपये की येन' विचारलं तर येन! रुपयांचा दर नेहमी चढा लावतात, वर बँकेचं शुल्क सुटेलच असं नाही.

— आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आधीच चालू करा, नव्या कार्डांवर तो बंदच येतो. ओटीपीसाठी भारतीय सिमवर रोमिंग हवं. दुसरं कार्ड बाबांच्या बॅगेत.