थकबाकीदार म्हणजे चोर नव्हे: गोठवलेल्या खात्यांवरच्या पोस्टला उत्तर

लालबागवाली
काल ठाण्याच्या 'पगारदार' यांनी इथे लिहिलं: "आयकराच्या थकबाकीपोटी ज्यांची खाती गोठतात त्यांची मला कणव येत नाही. कर वेळेवर भरला असता तर ही वेळ आली नसती. रिफंड कापून घेतला असेल तर तो त्यांचा नव्हताच." ही तीन वाक्यं रात्रभर डोक्यातून गेली नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अंधेरीच्या एका खाजगी कंपनीत सात वर्षं होते. दर महिन्याला पगारातून टीडीएस, म्हणजे आयकर, कापला जायचा, स्लिपवर आकडा यायचा. शेवटच्या वर्षी कंपनी डबघाईला आली आणि त्या वर्षीचा कापलेला कर सरकारजमा झालाच नाही. २६एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणाऱ्या आयकराच्या विवरणात, रकाना कोरा. मी रिटर्नमध्ये कर कापला गेल्याचं दाखवलं, पण कोऱ्या रकान्यामुळे ते मान्य झालं नाही आणि १,४३,००० रुपयांची डिमांड, म्हणजे थकबाकीची मागणी, निघाली. पुढच्या दोन वर्षांचे रिफंड, १८,६०० आणि २२,१००, त्यात वळते झाले. यंदा एका सकाळी औषधाच्या दुकानात सासूबाईंच्या इन्सुलिनचे पैसे द्यायला गेले तर कार्ड चालेना. शाखेत गेल्यावर कळलं, थकबाकी बँकेतून वसूल करण्याची कलम २२६(३) ची नोटीस आहे, खात्याला डेबिट फ्रीज, म्हणजे पैसे काढणं बंद. घरकर्जाचा हप्ता परत गेला, त्याचा दंड वेगळा. सोसायटीचा चेकही परत, आणि सेक्रेटरींनी तो सगळ्यांसमोर हातात दिला.

आता सांगा, मी कर भरला होता की नव्हता? १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं की पगारातून जेवढा कर कापला गेला तेवढा पगारदाराकडून पुन्हा मागता येत नाही. अशाच एका नोकरदाराच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये हेच सांगितलं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं २०१५ मध्ये अधिकाऱ्यांना पत्र काढून कळवलं की अशा डिमांडची सक्तीनं वसुली करू नका. तरी माझं खातं बंद झालं. ज्या पगारातून कर कापला गेला, त्याच करासाठी पगारखातं गोठलं. कणव नको तुमची. पण "त्यांचा नव्हताच" हे शब्द मागे घ्या.

पगारदार, ठाणे
ताई, तुमच्याबाबतीत अन्याय झाला असेल, तो तुमच्या जुन्या मालकानं केला. पोलिसात त्याच्याविरुद्ध जा. माझी पोस्ट तुमच्यासारख्यांवर नव्हतीच. माझा राग आहे तो आमच्या इमारतीखालच्या दुकानदारावर, जो दिवसभर "युपीआय बंद आहे, रोख द्या" म्हणतो आणि ज्याच्या दोन गाड्या आहेत. मी एकोणीस वर्षं ठाण्याहून सीएसटीला लोकलनं उभा राहून जातो. माझ्या हातात पगार यायच्या आधी कर गेलेला असतो. मला विचारतं कोण? डिमांडची नोटीस आल्यावर ३० दिवस मिळतात. मग महिन्याला एक टक्का व्याज. त्यानंतर स्मरणपत्रं. एवढं सगळं होईपर्यंत माणूस झोपलेला असतो आणि खातं गोठलं की जागा होतो. आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात काय झालं? २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि पुढे २०१४-१५ पर्यंतच्या १० हजारांपर्यंतच्या जुन्या डिमांड माफ. मी माझी २००८ ची ६,२०० ची डिमांड रजा टाकून, बँकेत रांग लावून भरली होती. ज्यांनी भरली नाही त्यांची पाटी कोरी झाली. हे सांगताना अजून हात थरथरतो माझा.

लालबागवाली
वडिलांची तशीच एक जुनी डिमांड त्यात गेली. ती चुकीचीच होती, कर भरल्याच्या चलनावर पॅनचा एक अंक चुकला होता. ते सांगता सांगता वडील गेले. माफी म्हणू नका त्याला.

मस्जिद बंदर सुकामेवा
पगारदार साहेब, धंदेवाल्यांना एका दोरीत बांधू नका. माझं प्रकरण जीएसटीचं, पण दुखणं तेच. ज्याच्याकडून मी माल घेतला त्याची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली आणि त्याच्या बिलांवरची माझी करवजावट संशयात आली. माझ्याकडे बिलं, मालवाहतुकीची ई-वे बिलं, बँकेतून दिलेले पैसे, सगळं होतं. तरी कलम ८३ खाली डीआरसी-२२, म्हणजे तात्पुरत्या जप्तीची नोटीस, आली आणि पेढीची दोन्ही खाती जप्त. अजून आदेश नाही, कर ठरलेला नाही, फक्त "महसूल सुरक्षित राहावा" म्हणून. शनिवारी अकरा माणसांचा पगार असतो. मेव्हण्याकडून उसने आणून वाटले. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये राधाकृष्ण इंडस्ट्रीजच्या निकालात सांगितलंय की हा अधिकार फार कठोर आहे, ठोस कारण असेल तरच वापरायचा. ते वाचायला आधी खातं उघडं असायला हवं ना, वकील फुकट येत नाही.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी लक्षात ठेवा: नियम १५९(५) खाली लगेच हरकत नोंदवा आणि सुनावणी मागा. आणि ही जप्ती एका वर्षानं आपोआप संपते. माझी चाळिसाव्या दिवशी उठली, हरकत दिली म्हणून.

मुलुंडची सीए
सगळ्यांचं दुःख कळतं. पण पंधरा वर्षं हेच काम करते म्हणून बोलते. दहातल्या सात-आठ प्रकरणांत नोटीस खात्याच्या पोर्टलवर, म्हणजे वेबसाइटवर, पडलेली असते आणि कुणी उघडलेली नसते. रिफंड वळता करण्याआधी कलम २४५ खाली कळवावं लागतं, तिथे 'असहमत' म्हणून कारण लिहायची सोय आहे. लालबागच्या ताई, तुम्ही ते दोन्ही वेळा लिहिलं होतं का? अपील केलं असतं तर वादातल्या रकमेच्या २० टक्के भरून स्थगिती मागता आली असती, जुलै २०१७ पासून तसं परिपत्रक आहे. मुंबई उच्च न्यायालयानं तर २००१ मध्येच केईसी इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की अपिलाची मुदत संपेपर्यंत वसुलीचा बडगा उगारू नका. संरक्षण आहे. मागायला लोक येत नाहीत.

लालबागवाली
पहिल्या वेळी लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी नाही. कारण ती सूचना ज्या मेलवर गेली तो माझा नव्हता, माझ्या आधीच्या सीएचा होता.

गिरगाव चाळ नं. ४
हे बोललात ते बरं झालं! मुलुंडच्या मॅडम, "पोर्टल उघडत नाहीत" म्हणता, पण पोर्टलची किल्ली कुणाकडे असते? माझं शिलाईचं दुकान. रिटर्न भरायला दिलं तेव्हा सीएनं स्वतःचा मेल आणि ऑफिसातल्या पोराचा मोबाइल टाकला. म्हणाला, ओटीपीसाठी तुम्हाला कशाला त्रास. चार वर्षांनी मी सीए बदलला. जुना म्हणे, आधी मागची फी चुकती करा मग पासवर्ड. फी दिलेली होती! त्या सात महिन्यांत माझ्या नावानं तीन नोटिसा गेल्या, एकही मला दिसली नाही.

मुलुंडची सीए
एका माणसावरून अख्ख्या व्यवसायाला नावं ठेवू नका. ग्राहक सिमकार्ड बदलतात, मेल उघडत नाहीत, ओटीपी मागितला तर "मी जेवतोय" म्हणतात. ३१ जुलैच्या रात्री पन्नास रिटर्न बाकी असताना आम्ही काय करायचं? आमचा मेल टाकला तो तुमचं काम अडू नये म्हणून.

गिरगाव चाळ नं. ४
काम अडू नये म्हणून की माणूस दुसरीकडे जाऊ नये म्हणून?

मुलुंडची सीए
ही भाषा मी ऐकून घेणार नाही.

मस्जिद बंदर सुकामेवा
मॅडम, भाषा सोडा, मुद्दा खरा आहे. आमच्या गल्लीत दहा पेढ्यांच्या नोंदणीत एकाच माणसाचा नंबर आहे. तो गावी गेला की गल्ली आंधळी.

कुर्ला पश्चिम
मालमत्ता कराबद्दल कुणीच बोलत नाही. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी, माझं ५१२ आहे. बारा फुटांसाठी पूर्ण बिल येतं.

गिरगाव चाळ नं. ४
त्यासाठी वेगळा धागा काढा हो. इथे पासवर्डचं चाललंय.

निवृत्त बँकवाला, पार्ले
पासवर्डचं राहू द्या, एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. २२६(३) ची नोटीस पाळली नाही तर बँक स्वतःच थकबाकीदार मानली जाते. म्हणून शाखेतला माणूस आधी खातं गोठवतो, मग वाचतो. मीही तेच केलंय, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दोनदा. एका बाईंच्या मुलीचं लग्न आठवड्यावर होतं. नोटीस ६० हजारांची, खात्यात साडेचार लाख, आणि मी सगळंच अडवलं. खरं तर नोटिशीतल्या रकमेपुरतंच अडवायचं असतं, वरचे पैसे खातेदाराचे. तेव्हा शाखेत गेलात की आधी नोटिशीची प्रत मागा, ती तुम्हालाही पाठवायची असते, आणि लेखी अर्ज द्या की पूर्ण डेबिट फ्रीज काढून तेवढ्याच रकमेवर लीन ठेवा, म्हणजे तेवढीच रक्कम अडवा. त्या बाईंना मी हे सांगितलं नाही. मला तेव्हा कुणी विचारलं नाही म्हणून गप्प राहिलो, आणि ते चूक होतं.

लालबागवाली
काका, मला हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर हप्ता परत गेला नसता. खात्यात डिमांडपेक्षा जास्त पैसे होते.

पगारदार, ठाणे
एवढं सगळं वाचलं. टीडीएस कापूनही जमा न झालेल्यांचा रिफंड त्यांचाच असतो, हे मान्य. पोस्टमधलं ते तिसरं वाक्य काढतो. पहिली दोन तशीच राहतील, आमच्या खालचा दुकानदार अजून रोखच घेतो. आणि ताई, आधीच्या वळत्या झालेल्या दोन रिफंडांचं काय? तेही परत मागा.

लालबागवाली
मागतेय. बारा महिन्यांच्या पगारस्लिपा, फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, कंपनीनं दिलाच नाही म्हणून पासबुकाच्या नोंदी, असं सगळं जोडून कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज केलाय. स्थगितीचाही. परत मिळाले तर त्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळेल. आमच्याकडून उशीर झाला तर एक टक्का, त्यांच्याकडून झाला तर अर्धा. हेही कुणीतरी समजावून सांगा मला.

मुलुंडची सीए
त्याचं समर्थन मी करणार नाही. अर्जात कलम २०५ आणि २०१५ चं पत्र दोन्हींचा उल्लेख असू द्या, पगारस्लिपेवरचा कापलेला आकडा आणि पासबुकातली निव्वळ रक्कम शेजारी शेजारी मांडा, महिनावार. अधिकाऱ्याला तेच बघायचं असतं.

आणि गिरगावच्या दादांसाठी: जेवण झाल्यावर बसून यादी काढली. माझ्याकडच्या एकशे दहा ग्राहकांपैकी एकेचाळीस जणांच्या नोंदणीत माझा मेल आहे. सोमवारपासून एकेकाला फोन करून बदलून घेते.

गिरगाव चाळ नं. ४
पासवर्डही देऊन टाका त्यांचे त्यांना.