मदत हवी आहे: डेक्कन एक्सप्रेसच्या व्हिस्टाडोम डब्यात (मोठ्या काचा, काचेचं छत) कुठली बाजू?

आम्ही चौघी मैत्रिणी श्रावणातल्या एका रविवारी ठाण्याहून डेक्कन एक्सप्रेसने लोणावळ्याला जाऊन त्याच दिवशी परतणार आहोत. हेतू एकच, भोर घाट. कर्जतला मागे चढावर ढकलणारी बँकर इंजिनं लागली (आणि वडे हातात आले!) की खंडाळ्यापर्यंत काचेला नाक लावून बसायचं. व्हिस्टाडोमच्या खुर्च्या फिरतात, पण रांग तर बदलत नाही. ओळखीत विचारलं तर निम्मे डावी म्हणतात, निम्मे उजवी. एकीचे गुडघे दुखतात, त्यामुळे राजमाचीचा ट्रेक नको. कारने जायचं नाही.

जाताना दरी आणि धबधबे जास्त कुठल्या बाजूला दिसतात? आणि परतीचं व्हिस्टाडोम तिकीट लोणावळ्याहून सहज मिळतं, की पुण्यापासूनचं काढून बोर्डिंग (चढण्याचं स्टेशन) बदलावं?